पहिल्या हिवाळ्यातला घोडेस्वारीचा कोट

थंडीची चाहूल लागली की इथे थंड प्रदेशात नव्यानं आलेल्यांचे मला फोन सुरू होतात. "ताई, मुलीला घोडेस्वारीला घातलंय, मीही शिकतेय. कोट कुठला घेऊ?" बरेचदा विचारायच्या आधीच कोट घेऊन झालेला असतो. काळा, गुडघ्याखाली येणारा, गादीसारखा जाड. उष्ण प्रदेशातून आलेल्या माणसाला थंडीची धास्ती असते, त्यामुळे दुकानातला सगळ्यात जाड कोट उचलला जातो. मीही तेच केलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तो कोट आरशासमोर उत्तम दिसत होता. खोगिरावर बसल्यावर मात्र त्याचा खालचा घेर मांड्यांखाली अडकला, पुढचा भाग फुगून वर आला आणि चेन हनुवटीला टोचू लागली. दहा मिनिटं दुडकी चाल झाली आणि अंग घामानं भिजलं. घोडी शांत उभी आहे असं पाहून मी वर बसूनच कोट काढायला गेले. दोन्ही हात पाठीमागे बाह्यांत अडकलेले, लगाम घोडीच्या मानेवर सैल पडलेला, आणि त्यात त्या कापडाचा सरसर आवाज. घोडी बिचकून आडवी सरकली. शिकवणाऱ्या बाईंनी झटकन लगाम धरला म्हणून मी वाचले. घोड्यावर बसून कोट घालायचा किंवा काढायचा नाही. आधी खाली उतरायचं, मग कोट. मुलांना हे पहिल्या दिवशीच शिकवा.

म्हणून कोट बसून बघायचा. दुकानात लाकडी खोगीर ठेवलेलं असेल तर त्यावर बसा, नसेल तर खुर्चीवर उलटं, खुर्चीची पाठ आपल्या पोटाकडे करून, दोन्हीकडे पाय टाकून बसा. लगाम धरल्यासारखे हात पुढे करा आणि कमरेतून पुढे झुका. बाही मनगटावरून वर सरकते का? पाठीत ताण येतो का? मागून कंबर उघडी पडते का? यातलं एकही होत असेल तर तो कोट ठेवून द्या. चेन दोन्हीकडून उघडणारी हवी. खालचा सरकता भाग थोडा वर घेतला की कोट खोगिराच्या दोन्ही बाजूंना पसरतो आणि पोटाशी गोळा होत नाही. लांब कोट घेणार असाल तर मागे चीर हवी, बटणानं मिटणारी. मांड्या आणि खोगिराचा मागचा भाग झाकला गेला की पावसात फार सुख वाटतं. पण आतून पायाला बांधायचे पट्टे असतील, तर पडताना ते सुटतील असेच हवेत. लोंबणाऱ्या दोऱ्या नकोतच, त्या खोगिरात अडकतात. मुलांना 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून दोन साइझ मोठा कोट घेऊ नका. सैल कोटही तसाच अडकतो.

आता पाणी. तिकडून बरोबर आणलेला रेनकोट इथे कामाचा नाही. तो पाऊस बाहेर ठेवतो आणि घामही आतच कोंडतो. भिजलेलं अंग मग वाऱ्यात गार पडतं. लेबलवर दोन आकडे शोधा. पहिला मिलिमीटरमध्ये असतो, म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहिला तरी ते गळत नाही. रपेटीला १०,००० च्या आसपास हवा. ओल्या खोगिरावर बसलं की आपल्या वजनानं पाणी कापडात दाबलं जातं, त्यामुळे बैठकीखाली येणाऱ्या लांब कोटाला जास्तच हवा. दुसरा आकडा ग्रॅममध्ये असतो. एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती वाफ बाहेर जाते, ते तो सांगतो, आणि तो जितका मोठा तितका घाम कमी साचतो. मग कोट उलटा करून शिवणी बघा. आतून सगळीकडे टेप चिकटवलेली दिसली पाहिजे. कापड कितीही भारी असो, टेप नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी खांद्यावर झिरपतं. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे हलकी सर निभावेल, इतकंच. 'वॉटरप्रूफ' वेगळं.

ऊब एकाच जाड कोटात शोधू नका. आत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा अंगालगतचा थर, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचा उबदार थर, आणि वर बेताचा कोट. अंगाला सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं. पिसांचं भरण हलकं आणि उबदार असतं खरं, पण भिजलं की गोळा होऊन ऊब जाते. कृत्रिम तंतूंचं भरण ओलं झालं तरी बरीच ऊब राखतं, म्हणून तबेल्याच्या चिखलापाण्यात मी तेच सुचवते. तो गादीसारखा काळा कोट घेऊन झालाच असेल तर परत करू नका. मुलांचा क्लास संपेपर्यंत कुंपणाशी तासभर उभं राहायला त्याच्यासारखा कोट नाही.

रंगाबद्दल मात्र मी हट्टी आहे. काळा, गडद निळा, बाटली हिरवा हे रस्त्यावर न्यायचे रंग नव्हेत. ताशी ८० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे येते. तुम्ही तिला तीन सेकंद आधी दिसलात, तर ड्रायव्हरला ६६ मीटर जास्त मिळतात. वेग कमी करून घोड्यापासून लांबून जायला ते पुरतात. झगझगीत पिवळा, केशरी आणि गुलाबी हे फ्लोरोसंट रंग न दिसणारे अतिनील किरण घेऊन ते दिसणाऱ्या प्रकाशात बदलतात. त्यामुळे ढगाळ दुपारी आणि संध्याकाळच्या संधिप्रकाशात ते आतून पेटल्यासारखे दिसतात. रंग निवडताना तुमच्या वाटेकडे बघा. पानं पिवळी-तांबडी झाली की केशरी त्यात मिसळतो, गवताळ माळावर पोपटी-पिवळा कमी उठतो. गुलाबी रंग रानात सहसा नसतो, म्हणून मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो. पुरुषमंडळी लाजतात, पण लाजू नका.

अंधार पडला की या रंगांची जादू संपते. तेव्हा हेडलाइटचा प्रकाश परत गाडीकडेच फेकणारे रिफ्लेक्टिव्ह पट्टे लागतात. फक्त छातीवरचा पट्टा पुरत नाही, समोरून तो घोड्याच्या मानेआड जातो. खांद्यांवर, दंडांवर आणि पाठीवर पट्टे हवेत, आणि पाठीवर सॅक असेल तर सॅकवरही. शिवाय आपण उंचावर असतो आणि गाडीचा मंद झोत खाली पडतो, म्हणून घोड्याच्या पायांना पट्टे बांधा. वरखाली हलणारे पाय बघून ड्रायव्हरला लगेच कळतं की पुढे जनावर आहे. युरोपातल्या कोटाच्या लेबलवर ईएन १७३५३ हे युरोपीय मानक दिसलं, तर दिसण्याच्या बाबतीत त्याची चाचणी झालेली आहे असं समजा.

हूडबद्दल एकच सांगते. तो काढता येणारा हवा. हेल्मेटच्या आत हूड घातला तर हेल्मेट नीट बसत नाही, आणि वरून घेतला तर बाजूचं दिसत नाही, वाऱ्यात फडफडतो तो वेगळाच. पडताना हवेनं फुगून छाती वाचवणारं जॅकेट वापरत असाल तर ते कोटाच्या वरून घाला. घट्ट कोटाच्या आत ते फुगलं तर बरगड्या दाबल्या जातात.

आणि आवाज. दुकानात बाही बाहीवर घासून ऐका. कुरकुर, सरसर करणारं कापड घोड्याला आवडत नाही. वेल्क्रो तर मी टाळतेच, ओढलं की फाटल्यासारखा आवाज होतो आणि त्यात गवताच्या काड्या अडकून आठवड्यात ते चिकटेनासंही होतं. दाबायची बटणं बरी. नवा कोट आणला की तो घालून लगेच वर बसू नका. आधी घोड्याजवळ उभं राहून त्याला बाही हुंगू द्या. माझी घोडी पहिल्यांदा मान ताणून, नाकपुड्या फुलवून लांबूनच वास घेते, मग ओठांनी बटण चाचपते, आणि तिनं एक जोराचा फुत्कार सोडला की मला कळतं, कोट पसंत पडला. मग मी हात वर करून, बाह्या हलवून दाखवते.

धुण्याचं एवढं लक्षात ठेवा. चिखल वाळू द्या, मग ब्रशनं झाडा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्यानं पाणी झटकणारा लेप आणि पट्ट्यांची चमक दोन्ही जातात. वॉटरप्रूफ कपड्यांसाठी वेगळा साबण मिळतो, तो घ्या. पाण्याचे थेंब कोटावरून घरंगळायच्या ऐवजी कापडात मुरू लागले, तर कोट फाटला असं समजून टाकून देऊ नका. लेबल परवानगी देत असेल तर मंद उष्णतेवर ड्रायरमध्ये फिरवा, बरेचदा लेप परत जागा होतो. नाही झाला तर वरून मारायचा स्प्रे मिळतो. फ्लोरोसंट रंग मात्र एकदा विटला की परत येत नाही. कॉलरच्या आतला न विटलेला भाग बाहीशेजारी धरून बघा. फरक स्पष्ट दिसायला लागला की रस्त्यासाठी नवा कोट घ्या आणि जुना तबेल्यातल्या कामांना ठेवा.