मँडोलिनच्या तारा बदलायच्यात? आधी हुककडे बघा

मँडोलिनला तारा आठ आणि जोड्या चार, वाजवणाऱ्याच्या बाजूने वरून खाली जी, डी, ए, ई, जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात. कर्नाटकी संगीत वाजवणाऱ्या यू. श्रीनिवास यांच्या इलेक्ट्रिक मँडोलिनला पाच एकेरी तारा असायच्या, ते व्हिडिओ बघून आपल्याला आठ कशा म्हणून गोंधळू नका.

सेट घेताना लाईट म्हणजे बारीक तारांचा घ्या, ई ०.०१० इंच आणि जी ०.०३४ च्या आसपास. टोकाला फास असलेल्याच तारा मागा. आपल्याकडे जळगाव-धुळ्याला बऱ्याचदा दुकानदार गिटारच्या तारा हातात ठेवतो, त्यांच्या टोकाला पितळी गोळी असते. दुसरं काहीच मिळालं नाही तर पक्कडीने ती गोळी दाबून दाबून काढून टाकायची, आत फास उरतोच. भागतं.

आता पहिला नियम, याच्यावर वाद नको: एका वेळी एकच तार. जुनी काढा, तिच्या जागी नवी लावा, सुरात आणा, मग पुढची. मँडोलिनची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, चिकटवलेली नसते, ती फक्त तारांच्या दाबावर उभी असते. मी एकदा पॉलिश करायच्या नादात आठही तारा सोडल्या, घोडी पडली, ती अंदाजाने परत ठेवली आणि तीही उलटी. खाली वाजवलं तर ठीक, वर जावं तसं बेसूर, आणि हे कळलं कधी तर हळदीच्या कार्यक्रमात. बेंजोवाले आप्पा शेजारीच बसलेले, म्हणाले, "सगळ्या तारा कसाले सोडस भो?" तुमच्याकडून असं झालंच असेल तर बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून सूर काढा, मग तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर घोडी टेलपीसकडे (तारांचं खालचं टोक जिथे अडकतं ती पट्टी) सरकवा, उतरला तर चाव्यांकडे. सरकवताना तारा थोड्या ढिल्या करा.

आता खरी डोकेदुखी. फास टेलपीसच्या हुकमध्ये अडकवायचा, तार घोडीवरून आणि नटवरून (चाव्यांजवळची खाचांची पट्टी) चावीपर्यंत न्यायची, भोकात घालायची. वाचायला दोन मिनिटांचं काम आहे. पण तुम्ही चावीचं भोक शोधत असता तेवढ्यात तिकडे टुक करून फास निघालेला असतो. तो परत अडकवा, चावीकडे या, परत टुक. जी आणि डी जाड, गुंडाळलेल्या तारा, त्या गपचूप बसतात. ए आणि ई साध्या पोलादी, स्प्रिंगसारख्या उसळतात. माझा पहिला सेट लावताना नुसत्या दोन ई तारांत अख्खी दुपार गेली, मे महिना, पंख्याची हवापण गरम, हाताला घाम, आणि घाम लागलेली तार लवकर गंजते ते वेगळंच.

लोक सांगतात तिसऱ्या बोटाने ताण धरून ठेवा. धरलं असतं हो, पण एक हात चावीला, दुसरा तारेच्या टोकाला, तिसरा हात आणायचा कुठून? सेलोटेप लावा म्हणतात, तीही लावून बघितली, तार सुटते ती सुटतेच, वर टेलपीसला चिकटा राहतो आणि त्यावर धूळ बसते.

मी करतो ते असं. फास आधी पक्कडीने किंचित दाबून अरुंद करायचा म्हणजे तो हुकला धरून बसतो. किंचित म्हणजे किंचित, चेपला तर तार तिथूनच तुटणार. मग जुन्या स्लीपरच्या रबराचा बोटाच्या पेराएवढा तुकडा हुकवर दाबून खोचायचा, फास जागचा हलत नाही. गिटारचा कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) असेल तर तार ताणून पाचव्या पडद्याजवळ तो लावा, दोन्ही हात मोकळे. तार ताणात आली की रबर काढायला विसरू नका, मी एकदा विसरलो आणि आवाज का दबला म्हणून दोन दिवस शोधत बसलो.

चावीला गुंडाळताना जाड तारेला दोन बोटं ढील ठेवा, ए आणि ईला तीन. वेढे आतल्या बाजूने आणि प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली. ढील ठेवलीच नाही तर बारीक तार सटकते, जास्त ठेवली तर वेढ्यांचा गुंता होतो आणि सूर रोज उतरतो. चष्मा नसेल तर निदान ई लावताना तोंड लांब ठेवा, सुटलेली तार डोळ्यावर येते.

ई सुरात आणताना ॲपवर नुसतं ई बघून चावी पिळत जाऊ नका, सप्तक चुकलं की तार तुटते. आधी डी सुरात आणा, तिचा सातवा पडदा दाबला की ए मिळतो, एच्या सातव्या पडद्यावर ई. कानाने तिथपर्यंत या, मग ॲप.

नव्या तारा दोन-तीन दिवस उतरतात, हाताने हलकं ओढून परत लावत राहा. मेमध्ये पत्र्याखाली किंवा उभ्या गाडीत वाद्य ठेवलं तर उतरणं थांबणारच नाही.

आणि कापलेली टोकं तिथल्या तिथे डबीत टाका. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपतात, मी तारा बदलतो तेही गच्चीवरच, आणि ईचा तुकडा गादीत शिरला की तो रात्री दोनलाच सापडतो.