डोंगरात मित्रांसोबत मुक्काम, नळ संडास लाइट काहीच नसताना

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी एका घरी जमून सामान जमिनीवर पसरा, प्लीज. आम्ही पहिल्यांदा हे केलं नव्हतं, पाच जणांत चार पातेली निघाली आणि लायटर एकाकडेही नाही. टेन्ट, स्टोव्ह, फर्स्ट एड हे ग्रुपचं सामान, ते वाटून घ्या. सॅक आपल्या वजनाच्या २० टक्क्यांवर गेली की गुडघे बोलायला लागतात.

वेळेचा हिशोब सोपा आहे, १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गड्याने मांडलेला: ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला अजून एक तास. त्यात ब्रेक नाहीत आणि जड सॅकही धरलेली नाही, म्हणून सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या स्पीडने मोजा आणि उजेड दोन तास शिल्लक असतानाच पोचा, कारण अंधारात जागा निवडली की ती हमखास चुकते.

जागा बघताना आधी वर बघा, सुकलेली फांदी किंवा वठलेलं झाड डोक्यावर नको. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तर अजिबात नाही, पाऊस लांब वर पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो. अगदी खोलगट तळाशीही नको, रात्री थंड हवा तिथेच येऊन साचते. कड्याच्या टोकावर फोटो छान येतात पण वारा आणि वीज पण तिथेच. पाण्यापासून ६० मीटर, म्हणजे साधारण ८० पावलं लांब टेन्ट लावा. टॉयलेटचा खड्डाही पाण्यापासून आणि कॅम्पपासून तेवढाच लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल, नंतर मातीने बुजवायचा (खुरपं कोण घेणार हे आधीच ठरवा, नाहीतर कोणीच आणत नाही).

पाणी कितीही नितळ दिसू दे, चांगलं खळखळून एक मिनिट उकळायचं, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे ते कमी तापमानालाच उकळतं.

थंडी खालून लागते. भारीतली स्लीपिंग बॅग घेऊन मॅट विसरलेला माणूस रात्रभर कुडकुडतो, पाहिलंय. झोपायचे कपडे कोरडे वेगळे ठेवा, घामाचा कॉटन टीशर्ट घालून झोपू नका.

शेकोटीला परवानगी असेल तरच, आणि झोपण्याआधी पाणी ओता, ढवळा, परत ओता, राखेत हात घालता आला पाहिजे. वाळू टाकून झाकलेले निखारे सकाळपर्यंत जिवंत असतात.