मॉडेल रेल्वेवरील जिनिंग-प्रेसिंग कारखाना: मालाच्या वाटेपासून पत्र्याच्या गंजापर्यंत

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे छोट्या रुळांच्या आणि देखाव्याच्या मांडणीवर, कारखाना उभारताना बहुतेक जण आधी भिंती कापायला घेतात. माझ्या मते मात्र आधी मालाची वाट आखावी आणि मगच पुठ्ठ्याला हात लावावा. आपल्या नागपुरात यासाठी सर्वांत योग्य विषय म्हणजे कापसाचे जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणे), कारण १८६७ मध्ये येथे रेल्वे पोहोचली, त्यानंतर दहा वर्षांनी १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि या दोन्हींच्या मुळाशी विदर्भातील कापूसच होता.

बैलगाड्या आणि चारचाकी बंद वाघिणींचा काळ निवडला, तर मालाची वाट अशी ठरते: फाटकातून गाडी आत येते, वजनकाट्यावर तोलली जाते, अंगणात कापसाचा ढीग पडतो, जिनमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते, सरकी आपल्या गोदामात जाते, रुई प्रेसमध्ये दाबली जाऊन तिच्या गाठी होतात आणि त्या मालधक्क्यावरून वाघिणीत चढतात. कागदावर ही वाट बाणांनी काढली की कोणती इमारत कोठे हवी, दार किती रुंद हवे आणि साईडिंग, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठीचा बाजूचा रूळ, कोणत्या भिंतीला लागून जावी, हे आपोआप स्पष्ट होते. जागा कमी असेल तर जिनघराची लांबी निम्मी करावी, परंतु या वाटेतील एकही टप्पा गाळू नये. सूतगिरणीला शोभणारे करवतीच्या दात्यांसारखे छतही येथे घालू नये. साधे दुपाखी पत्र्याचे छप्परच योग्य दिसते.

मॉडेल रेल्वेचे एचओ हे प्रमाण १:८७ आहे, म्हणजे एक फूट साडेतीन मिलिमीटरचा होतो. सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटर उंच येईल आणि रुळाच्या माथ्यापासून १०६५ मिलिमीटर उंचीचा मालधक्का सुमारे १२ मिलिमीटरचा होईल. धक्क्याची कड चिकटवण्यापूर्वी आपल्याकडील सर्वांत लांब वाघीण साईडिंगवरून हाताने ढकलून पाहावी, विशेषतः रूळ वळणावर असल्यास. कारखान्याच्या आवारात नॅरोगेजचा फाटा घालण्याची इच्छा असेल, तर ७६२ मिलिमीटरच्या गेजसाठी एन गेज या आणखी लहान प्रमाणाच्या मॉडेलचे ९ मिलिमीटरचे रूळ चालतात. नागपुरातील मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयातील इंजिने आणि डबे जवळून पाहून मगच तो निर्णय घ्यावा.

भिंतींसाठी दोन मिलिमीटर जाडीचा माउंटबोर्ड पुरेसा आहे. फेव्हिकॉल किंवा रंग एकाच बाजूला लागला की पुठ्ठा वाकतो, आणि नागपूरच्या मे महिन्यातील कोरड्या उन्हाळ्यानंतर लगेच येणाऱ्या पावसाळी दमटपणात हा दोष वाढतो. म्हणून भिंतीच्या दोन्ही बाजूंना रंगाचा पातळ हात द्यावा आणि आतून दर पाच सेंटिमीटरवर उभी पट्टी लावावी.

छपरावर वेळ खर्च करणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण लेआउट वरूनच पाहिला जातो. खऱ्या पत्र्याच्या दोन पन्हळींत साधारण ७५ मिलिमीटर अंतर असते, म्हणजे मॉडेलवर ते एक मिलिमीटरपेक्षाही कमी होते; खोक्याचा पन्हळी पुठ्ठा वापरला तर त्याची एकेक पन्हळ प्रत्यक्षातील अर्ध्या मीटरएवढी रुंद दिसेल. त्याऐवजी खाद्यपदार्थांच्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा जाड फॉइल रबराच्या तुकड्यावर ठेवून त्यावर पाच मिलिमीटर जाडीचा आटे असलेला रॉड दाबून फिरवावा. त्या आट्यांतील अंतर ०.८ मिलिमीटर असल्याने पन्हळी जवळपास अचूक उमटतात. रेषा किंचित तिरक्या येतात, म्हणून पत्रे त्या रेषांना धरूनच कापावेत. आठ फुटी पत्रा २८ मिलिमीटरचा होतो. वळचणीकडून सुरुवात करून, वरच्या पत्र्याने खालच्याला दीड-दोन मिलिमीटर झाकत कळसाकडे जावे आणि एखादा पत्रा वेगळ्या छटेचा ठेवावा, कारण खऱ्या छपरावर सगळे पत्रे एकाच वर्षी बदललेले नसतात.

जुनेपणा दाखवताना प्रत्येक डागाचे कारण मनात असावे. गंज खिळ्यांच्या भोकांपासून आणि पत्र्यांच्या जोडापासून पावसाच्या दिशेने खाली ओघळतो. ओल भिंतीच्या पायथ्याशी वर चढते. धुराड्याच्या तोंडाशी काजळी धरते. जिनघराची खरी खूण मात्र रुईचे तंतू होत. ते खिडक्यांच्या जाळ्यांना, छपराला आधार देणाऱ्या कैच्यांना आणि विजेच्या तारांना चिकटतात, म्हणून खऱ्या कापसाचे अगदी विरळ तंतू चिमट्याने तेथे लावावेत आणि फुंकर मारून जास्तीचे उडवावेत. मॅट वार्निशचा फवारा त्याआधीच मारून घ्यावा, नाहीतर तंतू ओले होऊन गुठळ्या बनतात. कापूस चटकन पेट घेतो, त्यामुळे उंचावरची पाण्याची टाकी आणि भिंतीवर टांगलेल्या वाळूच्या लाल बादल्या हव्यातच.

शेवटी इमारत जमिनीवर नुसती ठेवू नये. पायथ्याभोवती बारीक चाळलेली माती पातळ फेव्हिकॉलने बसवून फट बुजवावी आणि छप्पर मात्र न चिकटवता ठेवावे, म्हणजे आतील दिव्यांची जोडणी पुढे दुरुस्त करता येईल. अंगणातील रूळ मातीत माथ्यापर्यंत बुजवावेत, आतील कडेची खाच चाकांसाठी मोकळी ठेवावी आणि माती वाळल्यावर रुळाचा माथा स्वच्छ पुसून इंजिन अगदी हळू चालवून पाहावे.