उकळल्याने क्रोमियम जात नाही
ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी पिण्यात येत असेल, तर एकदा क्रोमियमची तपासणी करून घ्याच. प्लेटिंग, चामडं, रंग अशा कारखान्यांत हा धातू वापरतात. पाणी पिवळसर दिसायला लागेपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. उकळून जंतू मरतात, धातू तसाच राहतो. पाणी आटलं की उलट प्रमाण वाढतं! नुसता यूव्ही फिल्टरही कामाचा नाही, आरओ लागतो. नमुन्याची बाटली एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच घ्या आणि ‘एकूण क्रोमियम’ असं लिहून मागा; जंतूंच्या नेहमीच्या तपासणीत तो येत नाही. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. अहवालात आधी तोच आकडा बघा.