फायबरवरच्या फोनचा दोष कसा ओळखावा आणि तक्रार कशी सांगावी

बेळगाव शहरात, तसेच निपाणी, चिकोडी, खानापूर भागांतील अनेक घरांत तांब्याच्या तारेची जागा आता फायबरने, म्हणजे प्रकाशावर सिग्नल नेणाऱ्या काचेच्या बारीक तारेने, घेतली आहे. टेबलावरचा फोन दिसायला जुनाच असतो. मात्र त्यातला आवाज आता इंटरनेटच्या पद्धतीने, म्हणजे व्हॉइपने जातो. त्यामुळे ‘फोन बंद आहे’ एवढेच सांगून भागत नाही. तक्रार केंद्रावर कन्नडमध्ये बोलावे लागले, तरी पुढचे शब्द तिथेही हेच चालतात.

प्रथम भिंतीवरची, जिच्यात फायबर येऊन जोडलेली असते ती डबी पाहावी; तिला ओएनटी म्हणतात. ‘पॉवर’चा दिवा लागत नसेल तर अ‍ॅडॉप्टर किंवा प्लग तपासावा. ‘एलओएस’ हा दिवा लाल लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशाचा सिग्नल डबीपर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ होतो. वायर तुटलेली, दुमडलेली किंवा सॉकेटमधून निसटलेली असू शकते आणि अशा वेळी डबी कितीही वेळा बंद-चालू केली तरी उपयोग होत नाही. फायबरचे टोक काढून त्यात डोकावू नये, कारण त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नसला तरी अपाय करू शकतो. ‘पॉन’ हा फायबर-जोडणीचा दिवा स्थिर हिरवा आहे, इंटरनेट चालते, पण फोनचा दिवा लागत नाही, अशी स्थिती असेल तर दोष बहुधा एसआयपी नोंदणीचा असतो. कॉल जोडणे, घंटी वाजवणे आणि कॉल संपवणे ही कामे एसआयपी करते. डबी एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी; तरीही फरक पडला नाही तर ‘एसआयपी रजिस्ट्रेशन होत नाही’ असे स्पष्ट सांगावे.

विजेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्स्चेंजमधूनच सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा मिळत असे, म्हणून घरातली वीज गेली तरी तो चालत असे. ओएनटी मात्र घरच्या विजेवर चालते. खानापूरच्या जंगलपट्ट्यातील पावसाळा लक्षात घेता, घरात वयस्कर माणसे असल्यास ही डबी इन्व्हर्टरवर घ्यावीच.

आवाज येतो, पण नीट येत नाही, तेव्हा लक्षण नीट ऐकावे. आपण बोलल्यावर समोरच्याचे उत्तर उशिरा येते आणि दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, ही लॅटन्सी. ती एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज वाटते. शब्द मधूनच गाळले जात असतील तर तो पॅकेट लॉस, आणि आवाज कधी ताणला तर कधी आक्रसला जात असेल तर जिटर समजावा. वाय-फायवरून बोलताना असे होत असेल तर राउटरच्या जवळ जाऊन पुन्हा कॉल करून पाहावा. मातीच्या जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सहसा चांगला पोहोचतो.

मोबाइलला टॉवरची रेंज नसेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू करावे. हा कॉल आपल्याच नंबरवरून, साध्या डायलरमधून जातो. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल वेगळा असतो. तो अ‍ॅपमधून अ‍ॅपमध्येच चालतो आणि त्यावरून ११२ हा आपत्कालीन मदतीचा नंबर लावता येत नाही.

लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावावे. १५ जानेवारी २०२१ पासून ते आवश्यक आहे. मोबाइलवरून बेळगावच्या लँडलाइनला ०८३१, तर खानापूरच्या लँडलाइनला ०८३३६ हा एसटीडी कोड लावून पुढे नंबर फिरवावा.

तक्रार देताना कोणता दिवा कसा आहे, दोष केव्हापासून आहे आणि तो सगळ्या कॉलना आहे की एखाद्याच नंबरला, हे क्रमाने सांगावे. शेवटी तक्रारीचा डॉकेट नंबर विचारून लिहून घ्यावा.