‘महाभियोग’ ही संज्ञा कोठे वापरावी
संविधानाच्या अनुच्छेद ६१ नुसार ‘महाभियोग’ केवळ राष्ट्रपतींवर, संविधानभंगाच्या कारणावरूनच चालवता येतो. त्यासाठी संबंधित सभागृहाच्या किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्यांची १४ दिवसांची पूर्वसूचना आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश बहुमत लागते. गोव्याच्या आमदारांना राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत असते, या कारवाईत मात्र नसते. पर्वरीच्या उच्च न्यायालयातील न्यायमूर्तींबाबत ‘पदावरून दूर करणे’ असे लिहावे. बातमीत तेथेही महाभियोग खपून जातो, पण निवेदनात तो टाळलेला बरा. राज्यपालांना तो लागू नाही, कारण ते राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतात. सरपंचावर अविश्वास ठराव येतो, तर लाच घेणाऱ्या तलाठ्यावर सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनंतर खटला चालतो.