लिपी कुत्र्यानं खाल्ली, तिथून सुरुवात

संशोधनासाठी शिलाँगला गेले तेव्हा माझ्या फायलीत वीस पानांचा प्रस्ताव होता. शीर्षक होतं ‘ईशान्य भारतीय साहित्यातील हिंसा आणि अस्मिता’. पुण्यात एम.ए. करताना तीन पुस्तकं वाचली होती, त्यांच्या जोरावर हा सगळा इमला. मार्गदर्शक बाईंनी पानं चाळली आणि विचारलं, “इकडे दोनशेच्या वर भाषा आहेत. तुला कुठली येते?” एकही येत नव्हती. “मग निदान एक डोंगर तरी निवड,” त्या म्हणाल्या आणि फाईल परत दिली.

आता मलाच विद्यार्थ्यांचे निरोप येतात. नॉर्थईस्टच्या लेखक-कवींवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू? बाईंचंच उत्तर मी पुढे सरकवते. ‘ईशान्य’ हा शब्द नकाशाला ठीक आहे, वाचनाला नाही. ‘सात बहिणी’ हे नावही जुनं नाही. ज्योतिप्रसाद सैकिया या पत्रकारानं ते १९७२ मध्ये रूढ केलं. मेघालयातल्या खासींत मुलं आईचं कूळनाव लावतात, शेजारच्या बहुतेक समाजांत बापाचं. मणिपुरीला शतकानुशतकांची लिखित परंपरा आहे, नागा भाषांना छापील अक्षर मिळालं ते एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांकडून. हे सगळं एका प्रकरणात कोंबणं म्हणजे कोकणी, गोंडी आणि सिंधी साहित्याला ‘पश्चिमेकडचं’ म्हणून एकत्र बांधणं.

मी खासी निवडली. मला वाटलं होतं, आपल्याकडचं काहीच इथे उपयोगी पडणार नाही. पण मेळघाटातली कोरकू आणि ही खासी, दोन्ही ऑस्ट्रोआशियाई कुळातल्या, लांबच्या का होईना पण नात्यातल्या. कॉलेजात हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात शब्दकोश घेऊन बसले तर ‘के’पासूनचे शब्द सापडेनात. ‘जे’च्या पुढे थेट ‘एल’. कोश सदोष आहे म्हणून मी दुकानदाराकडे परत घेऊन गेले. तो हसला. खासी वर्णमालेत ‘के’ तिसरा असतो, ‘ए’, ‘बी’ आणि मग ‘के’. थॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी १८४१ मध्ये सोहराला, म्हणजे आपण ज्याला चेरापुंजी म्हणतो तिथे, आला आणि त्यानं खासीला रोमन अक्षरांत बसवलं. शंभर रुपयांची ती फजिती मला प्रस्तावातल्या वीस पानांपेक्षा जास्त शिकवून गेली.

लिपीची दुसरी गोष्ट मात्र जोन्सच्या आधीची. खासी म्हणतात, देवानं माणसांना लिपी दिली होती. परतीच्या वाटेत पूर आला. मैदानातल्या माणसानं आपली लिपी शेंडीला बांधली, तो तरून गेला. खासी माणसानं ती दातांत धरली आणि पोहता पोहता गिळून टाकली. आओ नागांकडे हीच हळहळ वेगळ्या रूपात आहे: लिपी कातड्यावर लिहून भिंतीला टांगली होती, ती कुत्र्यानं खाल्ली. तेव्हापासून सगळं तोंडी. तेमसुला आओ या नागा लेखिकेची आजोबा-नातवंडांच्या गोष्टींवरची एक प्रसिद्ध कविता आहे, तिच्यातही हा कुत्रा येतो. नव्या माणसानं वाचनाची सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे. इथला लेखक कोऱ्या कागदावर लिहीत नाही, गिळलेलं काहीतरी बाहेर काढत असतो. मौखिक परंपरेवरचं प्रकरण प्रबंधात ‘पार्श्वभूमी’ म्हणून सुरुवातीला उरकून टाकलंत तर पुढचं सगळं सैल होतं.

“ते इंग्रजीत का लिहितात, आपल्या भाषेत का नाही?” हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो. मीही विचारला होता, थोड्या तोऱ्यातच. नागालँडची राजभाषाच इंग्रजी आहे. तिथल्या जमातींच्या भाषा वेगवेगळ्या: आओ माणसाला अंगामी कळत नाही आणि अंगामीला कोन्याक. शिवाय साहित्य अकादमी मान्य करते त्या २४ भाषांत खासी नाही, मिझो नाही, एकही नागा भाषा नाही. मणिपुरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली १९९२ मध्ये, कोकणीच्याच बरोबर. म्हणून तेमसुला आओ यांना २०१३ चा आणि अरुणाचलच्या ममंग दाई यांना २०१७ चा अकादमी पुरस्कार मिळाला तो इंग्रजीतल्या लेखनाला. अरुणाचलातच आधीची पिढी पाहा. त्यांच्या शाळा असमियात झाल्या, म्हणून येशे दोर्जे थोंगची हे शेरदुकपेन जमातीचे लेखक असमियात लिहितात, आणि २००५ चा त्यांचा पुरस्कार असमियासाठीचा आहे. कोण कुठल्या भाषेत लिहितो हे इथे बरेचदा शाळेच्या दाखल्यावर ठरलेलं असतं.

आता त्या ‘हिंसे’बद्दल. ती आहेच. १९५८ चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा, १९६६ च्या मार्चमध्ये मिझो डोंगरांतल्या ऐझॉलवर आपल्याच हवाई दलानं टाकलेले बाँब, हे माहीत नसेल तर बरंचसं लेखन कळणारच नाही. पण तेवढंच शोधत गेलात तर तेवढंच सापडतं. तेमसुला आओंच्या ‘दीज हिल्स कॉल्ड होम’मधली (२००६) पहिलीच कथा घ्या. भूमिगत झालेला नवरा घरी आलेला असताना लष्कर गावाला वेढा घालतं. बायको त्याला मळकट कपडे चढवते, स्वतःच्या तोंडाला राख फासते आणि सैनिकांसमोर घरगड्याला झापावं तसं झापून पाणी आणायला पिटाळते. तो हंडे घेऊन त्यांच्या देखत निघून जातो. ही कथा मी आधी ‘राज्यसंस्था आणि देह’ अशा काहीतरी मथळ्याखाली टाकली होती. वसतिगृहातल्या नागा मैत्रिणीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली आणि खोलीतल्या सगळ्या पोरी हसून लोळल्या. तो मथळा मी त्याच रात्री खोडला.

दुसरा सापळा ‘जादुई वास्तववाद’, म्हणजे रोजच्या जगण्यात अद्भुत मिसळणारी लेखनशैली. कादंबरीकार ईस्टरीन किरे मूळच्या कोहिमाच्या, आता नॉर्वेत राहतात. त्यांच्या ‘व्हेन द रिव्हर स्लीप्स’मधला (२०१४) शिकारी विली झोपलेल्या नदीच्या पोटातून एक दगड आणायला निघतो. वाटेत आत्मे भेटतात, वाघाचं रूप घेणारी माणसं भेटतात. समीक्षक लगेच दक्षिण अमेरिकेतल्या कादंबऱ्यांकडे धावतात. माझं आजोळ कृष्णाकाठचं. तिन्हीसांजेला डोहाकडे जाऊ नको, साती आसरा ओढतात, असं आजी सांगायची तेव्हा ती कुठल्या वादाची लेखिका नव्हती. ओटी भरून मग पाण्यात उतरायचं, एवढंच. किरे यांची नदी मला आजीकडून कळली. मराठी विद्यार्थ्यानं ही शिदोरी घरी ठेवून जाऊ नये.

ममंग दाईंबद्दल लिहायला जागा पुरणार नाही. अरुणाचलातून भारतीय प्रशासकीय सेवेत निवड झालेली पहिली स्त्री, आणि ती नोकरी सोडून पत्रकारितेत आल्या. त्यांच्या आदी जमातीच्या भाषेत ‘पेन्सम’ म्हणजे अधलीमधली जागा. त्याच नावाच्या कथांपासून सुरुवात करा आणि मग ‘द ब्लॅक हिल’. ती कादंबरी आहे तिबेटकडे निघालेल्या आणि १८५४ मध्ये मारल्या गेलेल्या फ्रेंच पाद्र्याची. कवितेसाठी रॉबिन ङांगोम आणि किनफाम सिंग नोंगकिनरिह या दोघांनी केलेली संकलनं हाताशी ठेवा, २००३ चं आणि ‘डान्सिंग अर्थ’ (२००९). नोंगकिनरिह यांची हजारेक पानांची कादंबरी ‘फ्युनरल नाइट्स’ मात्र पहिल्या वर्षी उचलू नका. मी उचलली आणि वर्ष त्यातच गेलं. वाईट गेलं असं नाही.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. मेघालय आणि आसामला परवाना लागत नाही. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि आता मणिपूरला इनर लाइन परमिट लागतं, ते आधी काढून ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी शाळा-कॉलेजं बंद असतात, रविवारी बाजारही. मुलाखतीला जाताना नावाआधी खासीत पुरुषाला ‘बाह’, बाईला ‘काँग’ म्हणा, आपल्या दादा-ताईसारखं. मिझो नाव ‘आ’नं संपलं तर बहुधा पुरुष आणि ‘ई’नं संपलं तर बाई. माझ्या एका लेखात मी एका कवयित्रीला तीन पानं ‘ते’ म्हटलं होतं. छापून आलं.

आणि कुणाच्याही घरी गेलात की कुआई पुढे येईल. ओली सुपारी, पान, चुना. नाही म्हणू नका. पहिल्यांदा कान तापतात, घाम फुटतो, घरमालकीण काँग मजेत बघत बसते. पूर्वी वाटेचं अंतरही किती कुआई चघळून झाल्या यावर मोजत. आणि माणूस गेला की खासीत म्हणतात, तो देवाच्या घरी कुआई खातोय.

याच वाक्याशी मी सध्या अडले आहे. एका खासी कवितेचा मराठी अनुवाद करतेय. ‘देवाघरी सुपारी खातोय’ लिहिलं, तर संपादकांचा फोन आला: “अहो, मुंबईचा वाचक याचा काय अर्थ लावेल?” ‘विडा’ करून पाहिला, पण विड्यात कात आला, लग्नाचा थाट आला. ‘पानसुपारी’ म्हटलं तर हळदीकुंकू. तूर्त कुआई तशीच ठेवली आहे.